फेब्रुवारीत आमचा वाडा रिकामा असतो

(वस्तीतल्या पोरांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडी काटछाट केलीय.)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय असं काहींना वाटतंय. आज कविता नाही. कविता खिशात आहे, राहू द्या तिथंच. आज मी एक कागद आणलाय. सरकारी कागद आहे. जिल्हा जनगणना हस्तपुस्तिका म्हणून असते, त्यातलं एक पान. साल २०११, जिल्हा बीड. या पानावर एकाखाली एक गावं मांडलीत आणि त्यातली एक ओळ माझं गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही. माझे चुलते अजून तिथंच राहतात, त्यांना रोज त्याच रस्त्यानं जायचंय.

तर एक ओळ. गावाला एक नंबर दिलाय. मग आडवे रकाने. कुटुंबं किती, माणसं किती, बाया किती, पुरुष किती, सहा वर्षांपर्यंतची पोरं किती, अनुसूचित जाती किती, जमाती किती, लिहितावाचता येणारे किती, काम करणारे किती, न करणारे किती. संपलं गाव. देशात अशी सुमारे ६ लाख ४० हजार गावं. २०११ ला १२१ कोटींपैकी ८३ कोटी माणसं अशा ओळींमधून राहत होती.

मी मॅट्रिक. गणितात काठावर पास. पण मोजणीतलं मला थोडं कळतं, कारण मी गोदीत हमाली करतो, ठेकेदाराकडं. गोदीत टॅली क्लार्क असतो. गोण्या उतरतात, तो वहीत रेघा ओढतो. चार उभ्या, पाचवी आडवी. गोणी फाटली तर फाटलेल्याची नोंद. भिजली तर भिजलेल्याची नोंद. ती गोणी ज्याच्या मानेवरनं गेली त्याची मान त्या वहीत नसते. क्लार्क माणूस वाईट नाही, उन्हात उभा असतो बिचारा, चहा पण पाजतो. पण वहीत तो रकानाच नाही. तेव्हापासून मला सवय लागलीय. कुठलाही रकाना दिसला की मी आधी विचारतो, यात कोण बसलं आणि कोण बाहेर राहिलं?

शाळेत आपल्याला गाव शिकवलं ते आठवा. हिरवं शेत, मोट, मंदिर, बारा बलुतेदार, सगळे एकमेकांच्या मदतीनं गुण्यागोविंदानं. त्या धड्यात आपण कुठं होतो? आपण धड्याच्या बाहेर, समासात. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत उभं राहून हे गावाचं कौतुक फाडून काढलं होतं. गावाला घटनेचा पाया करा म्हणणारे तिथं मोठमोठे होते. बाबासाहेबांनी गाव नाकारलं आणि माणूस हा एकक धरला. आणि त्याच्याही आधी, १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत, आमच्यासाठी वेगळी गावं वसवा असा ठराव झालेला. का झाला असेल? ज्यांनी गाव फक्त पुस्तकात पाहिलंय त्यांनी विचार करावा.

माझ्या गावची वेस ओलांडली की मारुती, मग चावडी, मग पाटलांची आळी. त्याच्या मागं वंजाऱ्यांची घरं, एका अंगाला माळी, मुसलमानांची चार घरं. गावाबाहेर माळावर लमाणांचा तांडा. मांगवाडा ओढ्याच्या अलीकडं. आम्ही ओढ्याच्या पलीकडं. ओढ्याला पाणी आलं की गाव तिकडं आणि आम्ही इकडं. सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये ठरवलं की वस्त्यांची जातीची नावं काढून टाकायची. चांगलं केलं, मी नाव ठेवत नाही. आमच्याकडंही पाटी लागली, थोर नाव आहे पाटीवर. पण ओढा तिथंच आहे हो.

याच पुस्तकात दुसरा एक तक्ता आहे, गावातल्या सोयींचा. पिण्याचं पाणी आहे का, शाळा आहे का, डांबरी रस्ता आहे का. गावाला एकच उत्तर. पाणी आहे. गावात आहे म्हणजे गावाला आहे. नळ कुठवर येतो, टँकर कुठं थांबतो, आमच्या बायांची घागर रांगेत कितवी असते, याला रकाना नाही. आठवतं का कुणाला, महाडचं चवदार तळं? नगरपालिकेनं १९२४ सालीच ठराव करून ते सगळ्यांना खुलं केलेलं होतं. कागदावर खुलं. तीन वर्षं एकाही अस्पृश्याला त्याचा घोट मिळाला नाही. २० मार्च १९२७ ला हजारो माणसं चालत गेली आणि हात बुडवला, तेव्हा ते तळं खुलं झालं, आणि मग डोकी फुटली. कागदावर पाणी 'आहे' लिहिलेलं दिसलं की मला महाड आठवतं.

पण तक्ता नेहमी खोटं बोलतो असंही नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातले काहीजण सगळे आकडे फेकून द्या म्हणतात. याच बीड जिल्ह्यात २०११ ला सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागं ८०७ मुली निघाल्या. राज्यात सगळ्यात कमी. त्या एका आकड्यानं सोनोग्राफीवाल्यांना पळता भुई थोडी झाली. आणि दुसरा आकडा घ्या. १९५१ ला देशात शेतकरी सुमारे ७ कोटी आणि शेतमजूर पावणेतीन कोटी. २०११ ला शेतकरी ११ कोटी ८८ लाख आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख. पारडं फिरलं. पोशिंदा पोशिंदा म्हणून जो गळा काढतात, त्या गावात आता रानाचा मालक कमी आणि दुसऱ्याच्या रानात वाकलेला जास्त. २०१५-१६ ची कृषी गणना सांगते, शेताच्या खात्यांपैकी आपल्या लोकांची सुमारे १२ टक्के, पण जमीन ९ टक्क्यांपेक्षा कमी. लोकसंख्येत आपण १६.६ टक्के. भांडायला असे आकडे लागतात. मोर्चात नुसता घसा बसतो.

म्हणूनच मोजणारा चुकला तर आपलं नुकसान, दुसऱ्या कुणाचं नाही.

आता अनुसूचित जातीच्या रकान्यावर येतो. १४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. त्याच्या आधी, १९५१ च्या गणतीत, आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध किती होते? अडीच हजारांच्या आसपास. १९६१ ला किती? जवळपास २८ लाख. दहा वर्षांत इतकी माणसं उठून चालायला लागली आणि रकान्याला ते दिसलं, लपवता आलं नाही. पण त्याच रकान्यानं सूडही उगवला. १९५० चा आदेश सांगत होता की हिंदू असेल तोच अनुसूचित जातीचा. १९५६ ला त्यात शीख आले. बौद्ध यायला १९९० उजाडलं. म्हणजे १९६१, १९७१, १९८१, तीन जनगणना जो प्रामाणिकपणे बौद्ध म्हणाला तो अनुसूचित जातीच्या रकान्यातून बाहेर. महाराष्ट्रात १९८१ ला अनुसूचित जाती किती? ७.१४ टक्के, सुमारे ४५ लाख. आणि १९९१ ला? ११.०९ टक्के, ८७ लाखांवर. आता दहा वर्षांत कुठल्याही जातीची माणसं दुप्पट होत नसतात, उंदीर नाहीत ती. माणसं तिथंच होती. त्याच ओढ्यापलीकडं. कायद्यातली एक ओळ बदलली तेव्हा ती दिसायला लागली.

आणि मधे काय झालं ते आठवा. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वाडे पेटले. ज्यांचे पेटले त्यांना कुणी धर्म विचारला नव्हता, जात माहीत होती. माझी आजी सांगायची, आमच्या वाड्यातली पाच-सहा घरं त्या पावसाळ्यात उठली ती परत आलीच नाहीत. कुणी औरंगाबादला गेलं, कुणी इकडं, मुंबईला. आणि तीन वर्षांनी, १९८१ ला, मोजणीवाला आला आणि त्याच लोकांना त्याचा रकाना म्हणाला, तुम्ही अनुसूचित जातीत बसत नाही. घर जाळताना बसत होतो!

आता २०११. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि तिथं उभा होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

फेब्रुवारी महिना. मोजणीचे दिवस ९ ते २८. शाळेतलेच एक गुरुजी मोठे फॉर्म घेऊन वाड्यात आले. समाजमंदिराच्या ओट्यावर बसले. वाड्यात तेव्हा म्हाताऱ्या आणि पोरं, एवढंच. निम्म्याहून जास्त दारांना कुलपं. दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतो आणि वाडा भरून नेतो. ऊस तोडायला. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक, जिकडं मुकादमानं उचल दिली असेल तिकडं. वंजारी जातात, लमाण जातात, मराठ्यांतलेही गरीब जातात. पण त्यांच्यातल्या काहींना मागं कोरडवाहू का होईना तुकडा असतो, एखादं माणूस राखणीला राहतं. आमच्यात राखायला काय आहे? कुलूप.

गुरुजींनी आजीला विचारलं, "घरात माणसं किती?"

आजी म्हणाली, "सात." बाप, माय, थोरला भाऊ, वहिनी, मी, बहीण आणि ती.

"इथं किती?"

"हे दोन लेकरं आन् मी."

"बाकीचे कधी येणार?"

"पाडव्याला येतेत."

गुरुजींनी तीन लिहिले. आजी म्हणाली, "अवो सात हायेत की." गुरुजी म्हणाले, "आजी, या सगळ्या दिवसांत जो घरी नाही तो इथं धरायचा नाही. तो जिथं असेल तिथं मोजतील." गुरुजी खोटं बोलत नव्हते. नियम तसाच होता. पूर्ण मोजणीभर बाहेर असलेला माणूस जिथं सापडेल तिथला. मी त्या गुरुजींवर राग धरलेला नाही. सातातले चार गेले, एका रेघेत, शाईनं.

मग धर्म विचारला. आजीनं मान ताठ केली. "बौद्ध. लिव्हा." गुरुजींनी लिहिलं. मग म्हणाले, "जात?"

"जात नाही."

"अनुसूचित जातीचे ना तुम्ही?"

"व्हतो. बाबांनी काढलं त्यातनं."

गुरुजी गप्प. मग हळूच म्हणाले, "आजी, यादीत बौद्ध नावाची जात नाही. जातीचं नाव सांगितलं तर त्या रकान्यात मांडता येतं. नाहीतर तुम्ही त्यात येणार नाही." आजीला तो शब्द तोंडातून काढायचा नव्हता. जन्मभर गावानं तो शिवीसारखा वापरला होता, आणि एकदा थुंकून टाकलेला परत कसा चाटायचा? शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्यानं ओट्यावरनंच सांगितलं, "लिव्हा महार. पोरांच्या फीचं असंल काही." आजी उठून घरात गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. तेव्हा मला काही कळलं नव्हतं. मला वाटलं पोट दुखतंय.

आता तुम्ही म्हणाल, चार माणसं गेली कागदावरनं, बिघडलं काय? सांगतो. घटनेचं कलम २४३-घ. ग्रामपंचायतीतल्या राखीव जागा गावातल्या अनुसूचित जातींच्या प्रमाणात. वॉर्ड राखीव पडायचा की नाही ते त्या आकड्यावर. अनुसूचित जातींसाठी पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात बाजूला काढायची योजना, तीही त्याच आकड्यावर. वाड्यातली दहा-बारा घरं निम्मी मोजली की गावातली आपली टक्केवारी खाली येते. गाव काही उसाला जात नाही सगळं, गावाची टक्केवारी वर जाते. आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, आधी कोरोना, मग नुसत्या तारखा. म्हणून २०११ चा तो फेब्रुवारी पुढं वर्षानुवर्षं पंचायतीच्या निवडणुकांत चालला. माझ्या घरातले ते तीन. मी वयात आलो, मुंबईला आलो, मानेवर घट्टे पडले, तरी पंचायतीच्या हिशेबात मी दहा वर्षांचा, आणि माझी माय नाहीच.

मी मायला विचारलं, मागल्या दिवाळीत. म्हटलं, माय, त्या साली तुम्ही सांगलीकडं होता, तिथं फडात कुणी आलं होतं का मोजायला? कोपीवर? नाव, वय, जात विचारायला?

ती हसली. म्हणाली, "मुकादम मोजायचा की. रोज."

म्हटलं, तसं नाही.

म्हणाली, "मग कसं? दोघांचा मिळून एक कोयता. आमचे दोन कोयते, तुझ्या बापाचा आन् भावाचा. एक दिस दिसलो नाही तर खाडा लावायचा. तेवढंच मोजलं बाबा आम्हाला."

दोन माणसं, एक कोयता. त्यातही कोयता नवऱ्याच्या नावाचा. मित्रांनो, मी टॅली क्लार्कच्या वहीवर कविता लिहिली होती, काहीजणांनी वाचलीय. मायनं मला एका वाक्यात गप्प केलं.

कुणी म्हणेल, कोपीवर मोजणारा आला असेल, तिला आठवत नसेल. असेल बुवा. नियमात आहे, ज्या गावच्या शिवारात कोप्या त्या गावच्या मोजणीवाल्यानं जायचं. पण तो फडात कधी जाणार? पहाटे चारला टोळी उसात, रात्री कोपीवर. आणि जरी मोजलं, तरी मोजलं सांगलीच्या गावात. आकडा त्या गावाच्या ओळीत गेला, जिथं आमचं मत नाही, घर नाही, रेशन नाही. चार महिन्यांनी कोप्या मोडल्या. मग त्या ओळीत नसलेली माणसं आणि आमच्या ओळीत असून नसलेली माणसं. हाच तो खेड्याचा सामाजिक चेहरा!

आता पुढचं. ३० एप्रिल २०२५ ला दिल्लीनं ठरवलं की येत्या जनगणनेत सगळ्यांची जात मोजायची. १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली. जातवार पूर्ण आकडे शेवटचे छापले गेले १९३१ ला, इंग्रजांच्या राज्यात. २०११ ला एक वेगळी जातगणना झाली होती, तिचे जातीचे आकडे बाहेर आलेच नाहीत. आता सगळ्या पक्षांना घाई झालीय. कुणाची टक्केवारी किती, कुणाला किती वाटा. पण तारीख बघितली का कुणी? १ मार्च २०२७, मध्यरात्रीची वेळ. म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीत. पुन्हा उसात. जात मोजणार आणि जातीची माणसं फडात!

यावर आपल्यात दोन मतं आहेत, मागल्या बैठकीत भांडण झालं ते मी ऐकलंय. एक मत असं, की जातीचा रकाना आला की 'जात नाही' म्हणायचं, बौद्ध म्हणायचं आणि उठायचं. यातला ताठा मला आवडतो. तो माझ्या आजीचा आहे. पण मी त्या मताचा नाही. धर्माच्या रकान्यात बौद्ध, ठणकावून. जातीच्या रकान्यात जात. तो रकाना म्हणजे माझी ओळख नाही, ती माझी साक्ष आहे. कोर्टात उभं राहून, मारलं कुठं ते दाखवावं लागतं, कपडा बाजूला करावा लागतो, लाज वाटली तरी. १९९० पासून बौद्ध असून अनुसूचित जातीत बसता येतं, ते भांडून मिळालंय. ते ओट्यावर सोडून यायचं का? आजी आज असती तर तिनं मला घरात घेतलं नसतं हे बोलल्यावर, ते मला माहीत आहे. तरी मी हेच बोलणार.

आणि करायचं काय, तर साधं. मी एक वही केलीय. आमच्या वाड्यातलं एकेक घर, घरात माणसं किती, कोण कुठल्या कारखान्याच्या टोळीत, मुकादम कोण, फोन कुणाकडं. माय आता जात नाही, तिची कंबर गेली. भाऊ-वहिनी जातात. २०२७ च्या फेब्रुवारीत या टोळ्या कुठल्या शिवारात उतरल्यात ते आपल्याला माहीत पाहिजे, म्हणजे तिथल्या मोजणीवाल्याला अंधार पडल्यावर कोपीवर नेता येईल. बेघरांची मोजणी २०११ ला २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती, ती रात्र पण धरून ठेवा. आणि जे इथं मुंबईत आहेत, सहा-सहा जण एका खोलीत, ज्यांना वाटतं आपलं नाव गावाकडं आहेच, त्यांनी आजच घरी विचारा, कुठं आहे.

माझ्या वहीत अजून दोन घरांचा पत्ता लागत नाही. एक कर्नाटकात गेलंय म्हणतात, कुठल्या कारखान्याला ते कुणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या घरी फोनच नाही. त्यांच्यातलं कुणी इथं बसलं असेल तर उठायच्या आधी मला भेटा. बाकीच्यांनी पुढल्या रविवारी येताना आपापल्या वाड्याची एक-एक वही घेऊन या. शंभर पानी चालेल.

जयभीम.